फोन मेमरी कार्ड ओळखत नाही? फॉरमॅट मारण्याआधी काय काय बघायचं

फोनवर सूचना येते की एसडी कार्डात बिघाड आहे, दुरुस्तीसाठी टॅप करा. टॅप केलं की पुढच्या स्क्रीनवर ठळक बटण असतं ते फॉरमॅटचं. घाईत बोट तिथे जातं आणि चार वर्षांचे फोटो उडतात. फोन ‘दुरुस्ती’ म्हणतो ती कार्डाची. आतल्या फोटोंची त्याला फिकीर नसते. कार्ड दुसरं मिळतं, बारशाचे फोटो दुसऱ्यांदा काढता येत नाहीत. त्यामुळे काम याच क्रमाने करायचं: आधी आतला डेटा बाहेर काढायचा, मग बिघाड शोधायचा आणि फॉरमॅट सगळ्यात शेवटी. सूचना बाजूला सारा. फोन पुन्हा पुन्हा विचारत राहिला तरी हरकत नाही.

तोपर्यंत त्या कार्डावर नवीन काही लिहिलं जाऊ देऊ नका. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘सेव्ह कुठे करायचं’ हा पर्याय असतो, तिथे फोनची मेमरी निवडा. गाणी किंवा मालिका डाउनलोड करणाऱ्या ॲपमध्येही जागा बदला. मग फोन बंद करून कार्ड बाहेर काढा.

ट्रे काढताना एक चूक वारंवार होते. सिमची पिन जाईल अशी दोन भोकं फोनवर असू शकतात, एक ट्रेचं आणि दुसरं माइकचं. ट्रेचं भोक ट्रेच्या लांबट रेषेच्या आत किंवा तिला अगदी लागून असतं. एकटंच दिसणारं बारीक भोक माइकचं. त्यात पिन खुपसली तर कार्ड राहतं बाजूला आणि समोरच्याला तुमचा आवाज ऐकू येणं बंद होतं.

अदलाबदल: दोष कार्डाचा की फोनचा

कार्ड हातात आलं की आधी ते पुन्हा नीट बसवून पाहा. ट्रेमध्ये ते तिरपं बसलं असेल, कड जराशी वर आली असेल, तरी संपर्क तुटतो. ट्रेवर छोटी आकृती कोरलेली असते, कार्डाचा तिरका कोपरा कुठे यायचा ते तिच्यात दिसतं. ट्रे जोर लावून ढकलू नका. अडतो आहे म्हणजे कार्ड उचललं गेलं आहे, आणि तसंच रेटलं की आतल्या पिना वाकतात. सैल वाटतं म्हणून कार्डाखाली चिकटपट्टी लावणाऱ्यांचे स्लॉट हमखास बिघडतात. मायक्रोएसडी कार्ड 15 मिलिमीटर लांब, 11 मिलिमीटर रुंद आणि फक्त 1 मिलिमीटर जाड असतं. पट्टीची जाडीसुद्धा तिथे जास्त होते.

हायब्रिड ट्रे असलेल्या फोनमध्ये दुसरं सिम किंवा मेमरी कार्ड, यांपैकी एकच बसतं. नवीन फोन घेतल्यावर ‘कार्ड दिसत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी त्या फोनला कार्डाची जागा आहे का तेच बघा. हल्लीच्या कित्येक फोनमध्ये ती नसते. आयफोनमध्ये तर कधीच नव्हती.

नीट बसवून, फोन चालू करूनही कार्ड दिसलं नाही तर अदलाबदल करा. या एका तपासणीने निम्मं काम होतं. तुमचं कार्ड घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये घाला, आणि त्यांचं चालू कार्ड तुमच्या फोनमध्ये. तुमचं कार्ड तिकडे चाललं आणि त्यांचं कार्ड तुमच्याकडे चाललं नाही, तर दोष तुमच्या स्लॉटचा. त्यांचं कार्ड तुमच्याकडे नीट चाललं आणि तुमचं दोन्हीकडे चाललं नाही, तर दोष कार्डाचा. दोन्ही कार्डं दोन्ही फोनमध्ये चालली तर संपर्क मळला होता, काढघाल केल्याने साफ झाला. असं कार्ड चार दिवसांनी पुन्हा रुसतं, म्हणून त्याची पुढे दिल्याप्रमाणे सफाई करा. आणि दुसऱ्या फोनने फॉरमॅट विचारलं तर तिथेही नाही म्हणा.

याहून खात्रीची तपासणी कॉम्प्युटरवर होते, यूएसबी कार्ड रीडर लावून. रीडर नसेल तर मायक्रोएसडीचा मोठा ॲडाप्टर लॅपटॉपच्या खाचेत बसतो. ॲडाप्टरच्या डाव्या कडेला लहानशी लॉकची कळ असते, ती खाली सरकली असेल तर कार्ड फक्त वाचलं जातं. डेटा वाचवायचा असताना ती मुद्दाम लॉकवरच ठेवा. विंडोजने ‘ड्राइव्ह फॉरमॅट करायला हवा’ किंवा ‘स्कॅन करून दुरुस्त करू का’ असं विचारलं तर दोन्ही वेळा कॅन्सल करा.

रीडरमध्ये लावताच कार्ड चटका बसण्याइतकं तापलं तर त्याच क्षणी काढा. आत शॉर्ट झालेलं असतं. सारखं लावून बघत राहिलात तर उरलासुरला डेटाही जाईल.

पट्ट्यांवरचा मळ

आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओली असते. ठाण्यात कोपरीला किंवा पलीकडे ऐरोली-वाशीला खाडीवरचा वारा थेट घरात येतो, आणि त्यात खारटपणा असतो. त्यात फोन ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत घामेजलेल्या खिशात, नाहीतर भिजलेल्या छत्रीशेजारी बॅगेत. या सगळ्याचा परिणाम कार्डाच्या मागच्या आठ सोनेरी पट्ट्यांवर दिसतो. कार्ड उलटं करा आणि दुसऱ्या फोनचा टॉर्च त्यावर तिरपा पाडा. चांगली पट्टी आरशासारखी चमकते. बिघडलेलीवर तपकिरी ढग, पांढरट बुरशीसारखा थर किंवा हिरवट ठिपका दिसतो. बहुतेक वेळा तो टोकाकडे असतो, जिथे स्लॉटची पिन टेकते नेमका तिथे.

सफाईसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, 99 टक्क्यांचं. इलेक्ट्रॉनिक्सचं सामान विकणाऱ्या दुकानात ते ‘आयपीए’ या नावाने मिळतं. कापसाच्या काडीवर दोन थेंब घ्या, काडी ओली व्हावी, टपकता कामा नये. पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने, एकाच बाजूला, पाच-सहा वेळा हलक्या हाताने पुसा. मग काडीचं कोरडं टोक फिरवा आणि कार्ड पाच मिनिटं उघडं ठेवा. डाग गेला नाही तर मुलांच्या कंपासमधला मऊ पांढरा खोडरबर चालतो. चार-पाच हलके फटके पुरेत. नंतर रबराचा भुगा नीट झटका, कारण तोच भुगा स्लॉटमध्ये गेला तर नवीन बिघाड तयार होतो. पट्टीवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. पॉलिश पेपर किंवा ब्लेड लावलं की तो जातो, खालचा तांब्याचा थर उघडा पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात कार्ड कायमचं बाद होतं.

हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यातल्या ग्लिसरीनचा चिकट थर मागे राहतो. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या ॲसिटोनने प्लास्टिक मऊ पडतं. अत्तर, पेट्रोल, रॉकेल यांचा तर विचारही नको.

स्लॉटमध्ये मात्र स्वतः काही घालू नका. कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा मिळतो, त्याने बाहेरून हवा मारा. तोंडाने फुंकर मारली की श्वासातली वाफ आत जाते. टॉर्च लावून आतल्या पिना सारख्या उंचीच्या दिसतात का पाहा. एखादी दबलेली किंवा मागे दुमडलेली असेल तर ते दुकानाचं काम. काही फोनमध्ये कार्डाचा स्लॉट वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो, तो बदलणं सोपं. काहींमध्ये तो मुख्य बोर्डावर सोल्डर केलेला असतो, तिथे हॉट एअर लावावी लागते. फोन उघडायला देण्याआधी तुमच्या मॉडेलमध्ये यांपैकी कोणता प्रकार आहे ते विचारून घ्या, खर्चात बराच फरक पडतो.

फोन पाण्यात पडला असेल तर कार्डाची काळजी फोनपेक्षा कमी करा. मायक्रोएसडी एकसंध साच्यात ओतलेलं असतं, आत पाणी शिरायला सहसा वाट नसते. तुंबलेल्या किंवा खाडीच्या पाण्यात भिजलं असेल तर आधी स्वच्छ पाण्याने, मिळालं तर बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा. सुती कापडाने टिपा, पंख्याखाली दिवसभर ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरलं की पीठ चिकटतं, आणि हेअर ड्रायरच्या गरम झोताने प्लास्टिक वाकतं.

कार्ड ठीक, पण फोनला वाचता येत नाही

कॉम्प्युटरवर कार्ड व्यवस्थित उघडतं, फोन मात्र ‘सपोर्ट नाही’ म्हणतो. असं झालं की फाइल सिस्टम, म्हणजे कार्डावर फाइली मांडायची पद्धत, बघायची. ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की तिथे नाव लिहिलेलं असतं. 32 जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी म्हणून ओळखली जातात आणि फॅट32 मध्ये येतात. त्यापुढे 2 टीबीपर्यंतची एसडीएक्ससी, ती एक्सफॅटमध्ये. एक्सफॅटची मालकी मायक्रोसॉफ्टची. 2019 मध्ये त्यांनी तिचा तपशील खुला केला आणि त्याच वर्षी, अँड्रॉइड ज्यावर उभं आहे त्या लिनक्सच्या 5.4 कर्नलमध्ये (गाभ्यात) तिचा समावेश झाला. त्याआधीच्या स्वस्त फोनमध्ये परवान्याचा खर्च वाचवण्यासाठी ती दिलेली नसायची. म्हणून आजीच्या जुन्या फोनमध्ये नवं 64 जीबी कार्ड घातलं की तो ते खराब ठरवतो. अशा वेळी कार्ड रिकामं असेल तर फॅट32 करून घाला, अनेकदा चालतं. विंडोजमध्ये कुणी एनटीएफएस केलेलं असेल तर तेही बहुतेक अँड्रॉइड फोन वाचत नाहीत.

फॅट32 ची एक अडचण माहीत असू द्या. तिच्यात एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी मावत नाही. कार्डावर 20 जीबी मोकळी असूनही 5 जीबीचा सिनेमा कॉपी होत नाही, तो यामुळे. लग्नाच्या व्हिडिओचे फुल एचडीत साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पडतात, त्याचंही कारण बऱ्याचदा हेच असतं. यात बिघाड काहीच नाही.

दुसरा प्रकार जास्त त्रासाचा. अँड्रॉइड 6 पासून कार्ड ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून जोडायची सोय आली. तसं जोडलं की फोन कार्डावरचा सगळा डेटा कुलूपबंद करतो, आणि किल्ली फक्त त्या फोनमध्ये असते. हे कार्ड दुसऱ्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर कोरं किंवा बिघडलेलं दिसणारच. मूळ फोन जिवंत असेल तर कार्ड परत त्यातच घाला आणि फोटो तिथूनच बाहेर काढा. फोन फॅक्टरी रीसेट केला, बोर्ड बदलला किंवा फोन मेला तर किल्ली गेली, आणि मग कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. सेटिंगमधून ‘एसडी कार्ड एन्क्रिप्ट’ केलेल्या कार्डांचंही तेच. म्हणून फोन दुरुस्तीला टाकण्याआधी किंवा रीसेट मारण्याआधी सेटिंग्ज, स्टोरेज इथे जाऊन कार्ड कसं जोडलं आहे ते पाहून घ्या. आमचं स्पष्ट मत आहे की कार्ड नेहमी पोर्टेबल, म्हणजे काढून दुसरीकडे वाचता येईल असं, ठेवावं. इंटर्नल केल्याने जी जागा मिळते ती या जोखमीच्या मानाने थोडी आहे, शिवाय कार्ड मंद असलं तर सगळा फोन रखडतो.

कार्ड दिसतं, फोटो दिसत नाहीत

गॅलरी रिकामी म्हणजे कार्ड रिकामं असं समजू नका. फाइल मॅनेजर उघडा आणि कार्डावरचं डीसीआयएम, म्हणजे कॅमेऱ्याच्या फोटोंचं, फोल्डर बघा. फोटो तिथे असतील तर गॅलरीची यादीच बिघडली आहे. फोन रीस्टार्ट केला की बहुतेक वेळा यादी नव्याने बनते. एकाच फोल्डरचे फोटो गायब असतील तर फाइल मॅनेजरमध्ये ‘लपवलेल्या फाइली दाखवा’ चालू करा आणि त्या फोल्डरमध्ये ‘नोमीडिया’ नावाची, सुरुवातीला टिंब असलेली फाइल आहे का पाहा. ती फाइल असेल तर गॅलरी ते फोल्डर वगळते. फाइल काढून टाका, फोटो परत दिसतील.

कधी कार्डावर ‘लॉस्ट डॉट डिर’ नावाचं फोल्डर सापडतं. त्यात नुसते आकडे नाव असलेल्या, एक्स्टेंशन नसलेल्या फाइली असतात. फोन मध्येच बंद पडला किंवा कार्ड चालू फोनमधून ओढलं की लिहायचं काम अर्धवट राहतं. पुढच्या वेळी फोन तपासणी करतो आणि ज्यांचं नाव-ठिकाण हरवलं त्या फाइली इथे आणून टाकतो. हे फोल्डर कचरा समजून उडवू नका. आधी कॉम्प्युटरवर कॉपी करा, मग कॉपी केलेल्या एखाद्या फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब आणि जेपीजी लावून उघडा. दोन-तीन एमबीची फाइल असेल तर ती फोटो निघण्याची चांगली शक्यता असते. कित्येक एमबीची असेल तर एमपी4 लावून बघा.

फाइलचं नाव दिसतं, आकार दिसतो, पण उघडल्यावर अर्धा फोटो राखाडी, असं असेल तर कार्ड संपत आलं आहे किंवा बनावट आहे. दोन्हींबद्दल पुढे लिहिलं आहे.

उडालेले फोटो परत काढणं

डिलीट किंवा साधं फॉरमॅट केलं की बऱ्याचदा फक्त अनुक्रमणिका जाते, पानं जागेवर असतात. पण फॉरमॅट करताना कार्डाला आतून पुसण्याची आज्ञाही गेली असेल तर काही उरत नाही. तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं ते बाहेरून कळत नाही, म्हणून प्रयत्न करायचाच. त्यानंतर कार्डावर नवीन जितकं कमी लिहिलेलं असेल तितकं जास्त परत मिळतं. फोटोरेक हा मोफत प्रोग्रॅम यासाठी उत्तम आहे, आणि त्याची खिडकीवाली आवृत्ती क्यूफोटोरेक नवख्याला जमते.

1. कार्ड रीडरने कॉम्प्युटरला जोडा. फोन केबलने जोडून चालत नाही, कारण तसं केल्यावर कार्ड ड्राइव्ह म्हणून उघडत नाही.
2. यादीतून कार्ड निवडा. आकारावरून ओळखा: 32 चं कार्ड साधारण 29.8, 64 चं 59.6 आणि 128 चं 119 जीबी दिसतं. चुकून कॉम्प्युटरची डिस्क निवडू नका.
3. फाइल सिस्टममध्ये फॅट आणि एनटीएफएस लिहिलेला पर्याय घ्या, एक्सफॅटही त्यातच येतं.
4. फक्त डिलीट झालं असेल तर ‘फ्री’ (फक्त मोकळी जागा), कार्ड करप्ट किंवा फॉरमॅट झालं असेल तर ‘होल’ (सबंध कार्ड).
5. फाइल प्रकारांमध्ये सगळं काढून फक्त जेपीजी आणि व्हिडिओचा प्रकार ठेवा, नाहीतर हजारो निरुपयोगी तुकडे निघतात.
6. साठवायचं ठिकाण कॉम्प्युटरवरचं फोल्डर द्या. त्याच कार्डावर कधीही नाही.

परत आलेल्या फोटोंना जुनी नावं नसतात, फोल्डरही नसतात. काढल्याची तारीख बहुधा फोटोच्या आत असते, तिच्यावरून लावून घेता येतं. व्हिडिओ तुलनेने कमी मिळतात, कारण मोठी फाइल कार्डावर तुकड्यातुकड्यांत पडलेली असू शकते आणि हा प्रोग्रॅम सलग तुकडेच चांगले ओळखतो.

वाचताना कार्ड सारखं अडकत असेल, मध्येच गायब होत असेल, तर त्यावर पुन्हा पुन्हा स्कॅन चालवू नका. आधी सबंध कार्डाची एक इमेज फाइल, म्हणजे एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत, बनवा, लिनक्सवर डीडीरेस्क्यू त्यासाठीच आहे. मग फोटोरेक त्या इमेजवर हवं तितकं चालवा. मरणाऱ्या कार्डाला एकदाच वाचायचं, हा नियम पाळला तर पुष्कळ हाती लागतं.

कुठल्याच यंत्रावर कार्ड दिसत नसेल तर सॉफ्टवेअरने काही होत नाही. मायक्रोएसडीत मेमरी आणि ती चालवणारा कंट्रोलर एकाच ठोकळ्यात असतात. प्रयोगशाळेत वरचा थर खरवडून आतल्या बिंदूंना केसाएवढ्या तारा जोडतात आणि तिथून डेटा उचलतात. काम महाग आणि वेळखाऊ आहे. देण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या: डेटा मिळाला नाही तर किती पैसे घेणार, आणि मिळालेल्या डेटाची त्यांच्याकडची प्रत कधी पुसणार.

डेटा सुरक्षित झाल्यावर मगच दुरुस्ती. विंडोजमध्ये कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. त्याने काम झालं नाही तर फॉरमॅट. ते शक्यतो फोनमध्येच करा, म्हणजे फोनला हवी ती मांडणी आपोआप होते. कॉम्प्युटरवरच करायचं तर एसडी कार्डांची मानकं ठरवणाऱ्या एसडी असोसिएशनचा मोफत फॉरमॅटर वापरा.

डिलीट केलेले फोटो परत येतात

तुम्ही शंभर फोटो उडवता, जागा मोकळी झाल्याचं दिसतं. फोन रीस्टार्ट केला की तेच शंभर फोटो जागच्या जागी. फॉरमॅट मारलं तरी सगळं जसंच्या तसं, आणि नवीन काढलेले फोटो मात्र गायब. हे व्हायरसमुळे होत नाही. फ्लॅश मेमरीचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येतो. राखीव कप्पे संपले की अनेक कार्डांचा कंट्रोलर लिहिणं बंद करतो आणि असलेला डेटा नुसता वाचू देतो. फोन मात्र आपल्या तात्पुरत्या आठवणीतून ‘पुसलं’ असं दाखवत राहतो.

मायक्रोएसडीवर लॉकची कळ नसते, त्यामुळे ॲडाप्टरशिवाय ‘राइट प्रोटेक्टेड’ संदेश आला तर बहुतेक वेळा हाच प्रकार. विंडोजची रजिस्ट्री बदलण्याचे आणि डिस्कपार्ट कमांडचे जे उपाय व्हिडिओंमध्ये सांगतात, त्यांनी आतून लॉक झालेलं कार्ड उघडत नाही. त्यात संध्याकाळ घालवू नका. कार्ड मरण्याआधी तुम्हाला डेटा काढायची संधी देतं आहे, तेवढी घ्या. सगळं कॉपी करा आणि कार्ड बदला.

‘कार्ड अनपेक्षितपणे काढलं’ ही सूचना मात्र वेगळी. फोन खिशात असताना, बाइकवर, धक्क्याला येत असेल तर ट्रे सैल किंवा पट्टी मळलेली. व्हिडिओ घेताना फोन तापल्यावरच येत असेल तर संशय कार्डावर धरा.

बनावट कार्ड

स्टेशनबाहेर 512 जीबीचं कार्ड भाजीच्या भावात मिळालं तर ते 512 चं नसतं. आतली चिप 8 किंवा 16 जीबीची असते आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. फोन 512 दाखवतो. पहिले हजार-दोन हजार फोटो नीट बसतात आणि घेणाऱ्याचा विश्वासही बसतो. खरी जागा संपली की पुढचे फोटो जुन्यांवर लिहिले जातात किंवा हवेत जातात. नावं दिसत राहतात, आत राखाडी. म्हणून ही फसवणूक महिन्यांनी उघड होते, तोवर दुकानदार सापडत नाही. ऑनलाइन घेतलेल्या कार्डांतही हा माल येतो.

तपासणी एकच: कार्ड काठोकाठ भरून परत वाचणं. विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफ3. दोन्ही मोफत. कार्ड रिकामं करून ‘राइट अँड व्हेरिफाय’ चालवा. 64 जीबीच्या कार्डाला सेकंदाला 20 एमबी या वेगाने नुसतं लिहायला 53 मिनिटं लागतात, वर वाचायचा वेळ. रात्री लावून झोपा. शेवटी ‘एररशिवाय पूर्ण’ अशा अर्थाचा संदेश आला तर कार्ड खरं. नवं कार्ड घेतल्या दिवशीच हे करा, पहिला फोटो जायच्या आत. पक्कं बिल असेल आणि दुकानदार बदलून देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. वॉरंटीत कार्ड बदलून मिळतं, डेटा मिळत नाही. जुनं कार्ड आतल्या फोटोंसकट परत द्यावं लागतं हेही ध्यानात घ्या.

घेताना पाकिटावरच्या मोठ्या आकड्याकडे बघू नका, तो बहुधा वाचनाचा वेग असतो. कार्डावर छापलेली लहान चिन्हं महत्त्वाची. 10 चा वर्ग किंवा यू1 म्हणजे सेकंदाला किमान 10 एमबी लिहिण्याची हमी, यू3 किंवा व्ही30 म्हणजे 30. फोरके व्हिडिओ घेणार असाल तर व्ही30. कार्डावर ॲप ठेवायची असतील तर ए1 किंवा ए2: ए1 सेकंदाला किमान 1500 वाचनं आणि 500 लेखनं करतं, ए2 4000 आणि 2000. गाडीच्या डॅशकॅमला किंवा घरच्या सीसीटीव्हीला ‘हाय एन्ड्युरन्स’ (सतत लिहिणं सोसणारं) लिहिलेलंच कार्ड घ्या. तिथलं जुनं कार्ड काढून फोनमध्ये घालू नका, ते अर्धं झिजलेलं असतं.

कार्ड घालूनही फोनची जागा भरतच असेल तर बहुधा व्हॉट्सॲपमुळे. त्याचे फोटो-व्हिडिओ फोनच्याच मेमरीत, अँड्रॉइड, मीडिया या फोल्डरच्या आत साठतात आणि ते कार्डावर वळवायची सोय ॲपमध्ये नाही. महिन्यातून एकदा फाइल मॅनेजरने तिथले हवे ते फोटो कार्डावर हलवा. हलवल्यावर चॅटमध्ये ते उघडणार नाहीत, गॅलरीत उघडतील. कार्डावर हलवले म्हणजे बॅकअप झाला असं मात्र धरू नका. प्रत एकच असेल तर ती कुठेही असो, धोक्यातच असते. कॉम्प्युटरवर किंवा पेन ड्राइव्हवर दुसरी ठेवा.

कार्ड काढायचं असेल तेव्हा सेटिंग्ज, स्टोरेज, एसडी कार्ड, इजेक्ट. किंवा फोन बंद करून. बॅटरी 5 टक्क्यांवर असताना मोठी फाइल कार्डावर कॉपी करू नका.

बाद कार्ड तसंच कचऱ्यात टाकू नका, आणि चालू कार्ड कुणाला देण्याआधी नुसतं डिलीट करून देऊ नका. चालत असेल तर विंडोजमध्ये ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, त्यात सगळीकडे शून्य लिहिलं जातं. लिहूच देत नसेल तर कात्रीने कापा. मेमरीची चिप पट्ट्यांच्या पलीकडच्या मोठ्या भागात असते, म्हणून पट्ट्या कापून उपयोग नाही. मधून आडवे दोन आणि उभा एक असे काप घ्या, डोळ्यांवर चष्मा ठेवा कारण तुकडे उडतात, आणि ते ई-कचऱ्याच्या डब्यात टाका.